निकिता गर्जे, पाचवी

पाथर्डीत पंकजाचं फोटोचं दुकान आहे. आसपासच्या शाळांची ओळखपत्रंही तीच छापून देते. मागच्या वर्षी अकरा शाळांचं काम मिळालं. कार्ड छापायच्या प्रोग्रॅमला फायलींची छोटी नावं लागत आणि तिच्या फायलींची नावं लांबलचक होती: शाळा, नंबर, इयत्ता, मुलाचं नाव. एकेक बदलायला आठवडा गेला असता. तिनं संगणकाला सूचना देणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक नावातली शाळा आणि नंबर गाळायचा, बाकीचं ठेवायचं. दीड हजार नावं बघता बघता बदलली. तिनं नवऱ्याला मुद्दाम बोलावून दाखवलं होतं.

चैत्रात अजिनाथ गर्जे आणि त्याची बायको मालनबाई दुकानात आले. कोपरगावकडची ऊसतोड संपवून नुकतेच गावी परतले होते. अजिनाथनं खिशातून कार्ड काढून काचेवर ठेवलं.

"नाव आमच्या निकिताचं हाय, तोंड दुसऱ्याच पोरीचं. तेवढं बदलून द्या."

"देते ना. पोरीला घेऊन या, लगेच फोटो काढू."

अजिनाथनं बायकोकडं पाहिलं. मग मालनबाई म्हणाली, "ती न्हाई आता. पौषात तिकडं फडावरच्या पाचटाच्या कोपीतच तापानं गेली. कार्ड मास्तरांनी काल दिलं. ताई, तुमी शाळंत तिचा फोटो काढला हुता, तेवढाच एक ऱ्हायला. बाकीचे मोबाईलमदी हुते, तो उसाच्या फडात हरवला."

पंकजानं संगणकात शोधलं. निकिता गर्जे, पाचवी. फाईल एकच. उघडली, तर कार्डावरचीच मुलगी. तिनं सगळ्या शाळांच्या याद्या चाळल्या. दुसऱ्या एका शाळेतही पाचवीत निकिता गर्जे होती. शाळा गाळल्यावर दोघींच्या फायलींचं नाव एकच झालं आणि नंतरचीनं आधीचीला पुसून टाकलं. मूळ फायलींची प्रत तिनं ठेवली नव्हती. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर त्यानंतर सहा लग्नं काढून झाली होती.

"चूक माझी आहे, ताई," ती म्हणाली. "तिचा फोटो माझ्याच हातून पुसला गेला."

अजिनाथ उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला.

पुसलेलं परत आणणारे प्रोग्रॅम लावून पंकजा दोन दिवस त्या मेमरी कार्डाशी झटत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं दोघांना बोलावलं. पडद्यावर फोटोची फक्त वरची पट्टी होती. लाल रिबिनी, भांग, कपाळ, भुवया. त्याखाली नुसता राखाडी रंग.

"तुमच्या शाळेत काढलेल्यातलं एवढंच मिळालं. ही तुमचीच निकिता आहे का, तेही मला सांगता येत नाही."

मालनबाईनं पडद्यावर बोट टेकवलं. "तीच हाय. भांग बघा कसा वाकडा गेलाय. त्या दिवशी लई घाई हुती, मीच पाडला हुता." आणि ती तिथंच स्टुलावर बसून रडायला लागली.

पंकजानं ती पट्टी छापून पाकिटात घातली. जाताना मालनबाईनं जुनं कार्ड तिच्या हातात ठेवलं. "हे तुमीच ठेवा. जित्या लेकराचं तोंड माझ्या मेल्या लेकीच्या नावावर नगं."

अजिनाथनं फोटो पाहिलाच नाही. "घरी बघंन," एवढंच म्हणाला आणि पाकीट सदऱ्याच्या आत घालून जीपकडं निघाला.