पावणेदोन किलो खोळंबा

उरणजवळच्या एका गोदामात सुनयना कंटेनरचे गेटपास काढीत असे. बटण दाबल्यावर संगणकाच्या पडद्यावर जे चक्र फिरू लागे, ते चार मिनिटे फिरे. दिवसाला तीस पास, म्हणजे दोन तास निव्वळ चक्रदर्शन. साडेपाचला संपायचे काम साडेसहावर जाई आणि उलव्याचा सहाचा पेटीचा वर्ग हुके. ‘आणखी एकदा उशीर केलास, तर तुझी जागा दुसरीला,’ असे पेटी शिकवणाऱ्या गिरजाबाईंनी तिला बजावले होते.

मालक शहाजीशेठ मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी वाशीच्या बाजारात पोती वाहिलेले. जे काट्यावर चढत नाही ते अस्तित्वातच नाही, अशी त्यांची ठाम धारणा होती.

“शेठ, मेमरी वाढवा. साडेचार हजारांत भागेल.”

“साडेचार हजार! आगं, तुला पगार म्हैन्याचा. तू थांबलीस काय आन् पळालीस काय!”

“वेळ वाया जातो माझा.”

“किती जातो? दाव की काट्यावर घालून!”

सुनयनाने हे आव्हान अक्षरशः स्वीकारले. दुसऱ्या दिवशी तिने मोड आलेले वाल आणले. चक्र फिरे तेवढाच वेळ ती ते सोली. चक्र थांबले की हातही थांबत. संध्याकाळी तिने डाळिंब्या शेठच्या काट्यावर ओतल्या. पावणेदोन किलो.

“हा तुमचा खोळंबा. बाजारात चारशे रुपये किलो.”

शेठ काट्याकडे आदराने पाहत राहिले. युक्तिवाद निर्दोष होता. निष्कर्ष मात्र त्यांनी स्वतःचा काढला.

“मग मेमरी घालायची कशाला? रोज सातशे रुपये बसल्या जागी! आजच धा किलो भिजत घालतो.”

सुनयनाने काटा रिकामा केला. मग म्हणाली, “दहा किलो मधल्या मधल्या वेळात कसे सोलून होतील? मेमरी घाला. पास साडेचारला संपतील, पुढे सलग वेळ.”

या बोलण्यातले भोक शेठना दिसले नाही. डोळ्यांसमोर दहा किलो होते. मेमरी आली.

वालांना मोड आले त्या दिवशी पास साडेचारला संपले. सुनयनाने तासभर मन लावून वाल सोलले आणि साडेपाचला पर्स उचलली.

“आगं, नऊ किलो उरल्यात! उद्यापर्यंत वास मारतील!”

“पगार महिन्याचा, शेठ, पण साडेपाचपर्यंतचा.”

ती वर्गात दहा मिनिटे आधी पोचली. इकडे एक ड्रायव्हर उशिरा आला. शेठनी बटण दाबले. पास तत्क्षणी बाहेर.

“काय सांगता शेठ! लगेच?”

“लगेच,” शेठ पास खिशात घालीत म्हणाले. “पन तू बस जरा. हे वाल धर.”