शेपटीकडची बाजू

गिलेनने दोन बोटांनी पिल्लाच्या मांडीवरचे केस फाकवले, आणि जिथे कातडी दिसायला हवी तिथे तिच्या नखाला आवळलेल्या केसांची घोंगडी लागली. तिने आणखी वर, कमरेपाशी फाकवून पाहिलं. तिथेही तेच. पोटाखाली हात घातला तेव्हा पिल्लू आक्रसलं आणि मान वळवून तिच्या मनगटाकडे बघू लागलं. चावलं नाही. नुसतं बघितलं.

"मसिए रुलो, याला आंघोळ घालता?"

"दर शनिवारी," आर्मां रुलो म्हणाला. एक्याऐंशी वर्षांचा हा माणूस टोपी काखेत धरून टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभा होता. "कोमट पाण्याने. साबण लहान पोरांचा."

"आणि आंघोळीआधी विंचरता?"

"आधी कशाला? स्वच्छ झाल्यावर विंचरतो."

गिलेनने एक उसासा टाकला. सां-जां-द-लोनच्या नदीकाठावर, या एका खोलीच्या दुकानात, ती चाळीस वर्षं कुत्र्यांचे केस कापत होती, आणि पूडल घेऊन येणारी नवी माणसं हीच चूक करतात हे तिला पाठ होतं. पूडलचा केस गळून खाली पडत नाही. सुटलेला केस शेजारच्या केसात अडकतो. ती गाठ तशीच ठेवून पाणी घातलं की आवळत जाते. वरून पिल्लू गुबगुबीत दिसतं, रस्त्यात लोक थांबून हात फिरवतात, आणि आत कातडीलगत जटा धरतात.

पण आर्मां काही नवा नव्हता. बोटी वर-खाली घेणाऱ्या कालव्याच्या फाटकांवर त्याने सगळी नोकरी केली होती, आणि त्या फाटकाशेजारच्या घरात तीस वर्षांत दोन पूडल म्हातारे होऊन गेले होते. शिवाय या पिल्लाचं डोकं बघितलं तर डोळ्यात भरावं असं होतं. कानाचा केस न् केस सुटा, गळ्याशी एक गाठ नाही. खांद्यांच्या मागे मात्र दुसराच कुत्रा सुरू होत होता.

"डोकं तुम्ही विंचरता आणि मागचं दुसरं कोणी?"

"दुसरं कोण आहे घरात?" आर्मां म्हणाला. मग टोपी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेत म्हणाला, "मला डोक्याकडचंच येतं, गिलेनबाई. मागचं युगेत करायची."

युगेत त्याची बायको. जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. दर शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी सतरंजी टाकून ती कुत्र्याला आडवं करायची आणि शेपटीकडून सुरुवात करायची. आर्मांचं काम डोकं धरायचं आणि चीजच्या साली भरवायच्या. तीस वर्षांत तो त्या बाजूला एकदाही गेला नव्हता.

"माझ्या दुकानात ती कधी आली नाही," गिलेन म्हणाली. "बाजारात भेटली की म्हणायची, तुझ्या पोटावर पाय देते बाई, माफ कर. आणि मग माझ्याच कात्र्यांचा भाव विचारायची."

आर्मां हसला. हसताना त्याचा हात आपोआप पिल्लाच्या हनुवटीखाली गेला.

"नाव काय याचं?"

"आर्तिशो."

"भाजीचं नाव ठेवलंत?"

"यंदाचं अक्षर आ आलंय, मी काय करू," तो म्हणाला. फ्रान्समध्ये वंशावळीच्या कुत्र्यांची नावं त्या-त्या वर्षाच्या ठरलेल्या अक्षरावरूनच ठेवायची असतात, तेच अक्षर वीस वर्षांनी फिरून येतं, आणि त्याची त्याला चीड होती. "पिल्लू युगेतने सांगून ठेवलं होतं. स्वतः आजारी असताना. तेव्हा वर्ष व चं होतं, तिने नावही ठरवलं होतं, वेलूर. मखमल. पण कुत्री त्या वर्षी व्यायलीच नाही. जानेवारीत पिल्लं झाली, आणि मला फोन आला की बाईसाहेबांचं पिल्लू तयार आहे. बाईसाहेब नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगणार होतो. त्याऐवजी कधी न्यायला येऊ, असं विचारून बसलो."

"आणि भाजी?"

"कागद भरायला बसलो तेव्हा समोर जेवणात तीच होती."

गिलेनने मशीनकडे हात नेला आणि परत घेतला. जटा सोडवत बसण्यात अर्थ नव्हता, कातडी ओढली गेली असती. मागचा सगळा भाग मशीनने उतरवायचा होता. ते आजही होण्यासारखं होतं. दोघांनी दाबून धरलं तर वीस मिनिटांत. केस दोन महिन्यांत परत आले असते.

"धरू मी?" आर्मांने विचारलं.

"धरलं तर आज होईल. पुढच्या वेळी टेबल बघूनच हे पलंगाखाली जाईल, आणि मग जन्मभर जाईल."

ते ऐकून आर्मां खुर्चीवर बसला. पिल्लाकडे बघत नव्हता.

"गुद्रों आठवतो तुम्हाला? शेवटचा. डांबरासारखा काळा."

"दुरून पाहिलेला."

"युगेतशिवाय कोणाला हात लावू द्यायचा नाही. आम्हाला त्याचं कौतुक होतं. पाहुण्यांना सांगायचो, बघा, फक्त हिचाच आहे. ती गेली आणि चार महिन्यांत त्याची ही अशीच घोंगडी झाली. मी कंगवा घेतला, चावला. डॉक्टरकडे सुई देऊन, झोपवून भादरला. उठल्यावर स्वतःलाच ओळखेना. पुढे जगला दोन महिने. माझी मुलगी आहे ना दिजोंला, ओदिल. ती म्हणते, पपा, तुझ्या मागे हा माझ्याकडे येणार हे मला कळतं, मी नाही म्हणत नाही. पण दुसरा गुद्रों मी घेणार नाही. कोणाच्याही हाताखाली उभा राहील असा कर, मग बोल."

"रागावू नका," गिलेन म्हणाली, "पण गुद्रोंची माया नव्हती ती. त्याला दुसरा हात कोणी शिकवला नव्हता."

"तसंही असेल," आर्मां म्हणाला. त्याला ते आवडलेलं नव्हतं.

त्या दिवशी एक केसही कापला गेला नाही. गिलेनने मशीन सुरू करून टेबलाच्या टोकाला नुसतं ठेवलं, आणि ते घुमत असताना पिल्लाला चीज दिलं. बंद केलं की चीज बंद. चौथ्या वेळी पिल्लू मशीनकडेच आशेने बघू लागलं. मग तिने आर्मांला दाराशी जाऊन उभं राहायला सांगितलं.

"मग डोकं कोण धरणार?"

"कोणी नाही. डोकं धरायला माणूस लागत नाही, मसिए रुलो. कधीच लागत नाही. एक हात पोटाखाली असला की झालं."

आर्मांने पिल्लाच्या हनुवटीखालचा हात काढला आणि तो दाराशी गेला.

चार मंगळवार यायचं ठरलं. तोवर आंघोळ बंद. घरी रोज टेबलावर घ्यायचं, मागे उभं राहायचं, पाय उचलायचे, शेपटी उचलायची, बोटांच्या मध्ये बोट घालायचं, आणि दाढीचं मशीन सुरू करून मशीनची पाठ पिल्लाच्या मांडीला लावायची.

घरी त्याने सतरंजी अंथरली, पिल्लाला टेबलावर ठेवलं आणि सवयीने डोक्याकडे जाऊन उभा राहिला. मग आठवण झाली तसा टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला. तिथून स्वयंपाकघर वेगळंच दिसत होतं. खिडकी समोर येत होती, आणि खिडकीतून कालव्याची फाटकं.

त्याच्या बाजूने खिडकी कधी दिसली नव्हती. त्याच्या बाजूने दिसायचं ते युगेतचं वाकलेलं डोकं. ती तोंडात चिमटा धरून कातडीपासून एकेक रेघ पाडत वर सरकायची, मान वर करायची नाही, आणि त्याच्यासमोर तिचा भांग असायचा. पहिल्या कुत्रीच्या वेळी तो भांग तांबूस केसांत होता. गुद्रों आला तेव्हा पांढऱ्यात. मधली वर्षं कधी सरली ते कळलं नाही, कारण दर शनिवारी तो भांग मागच्या शनिवारसारखाच दिसायचा. रेडिओवर अकॉर्डियन चालू असायचा, चुलीवर सूप, आणि निघालेले केस ती खिडकीबाहेर कुंपणावर टाकायची, पाखरं घरट्याला न्यायची.

मध्येच बोटीचा भोंगा वाजायचा. मग तो डोकं सोडून फाटकावर पळायचा. पाणी भरायचं, बोट वर यायची, बोटवाल्याशी दोन शब्द, अर्धा तास सहज जायचा. परत यायचा तेव्हा कुत्रा जसाच्या तसा पडलेला असायचा आणि युगेत मागचा एक पाय संपवून दुसऱ्यावर आलेली असायची. मान वर न करता म्हणायची, "आलास? धर आता, नाहीतर हलेल."

आर्मांने दाढीचं मशीन सुरू केलं. पिल्लाने कान हलवले. तो पिल्लाच्या पाठीवर हात ठेवून, मशीन तसंच घुमत ठेवून, खिडकीबाहेर बघत किती वेळ उभा होता कोण जाणे. पिल्लू कंटाळून बसलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

दुसऱ्या मंगळवारी तो दाराशी होता. तिसऱ्या मंगळवारी गिलेनने त्याला बाहेरच्या बाकावर घालवलं. तिथे मादाम पेरो आपला म्हातारा टेरियर घेऊन पाळीची वाट बघत बसल्या होत्या. मेलेल्या नवऱ्याचं मासेमारीचं जाकीट त्या बारा महिने घालायच्या, आणि गावात कोणाला सोडायच्या नाहीत.

"तुमच्या भाजीला आत सोडून तुम्ही बाहेर?"

"शिकतोय तो."

"तो की तुम्ही?" मादाम पेरो म्हणाल्या. "माझा नवरा हॉस्पिटलात असाच बाहेर बसायचा. आत मी बाळंत होत होते. डॉक्टर बाहेर आला तर हा झोपलेला."

"मी जागा आहे."

"ते दिसतंय. काच पुसून काढलीत नाकाने."

आर्मां काचेपासून मागे झाला. आत पिल्लू टेबलावर उभं होतं आणि दाराकडे तोंड करून रडत होतं. आवाज बाहेर येत नव्हता, पण तोंड उघडत-मिटत होतं. गिलेन त्याला गप्प करत नव्हती, सोडतही नव्हती. एक हात पोटाखाली, दुसऱ्या हातात बंद मशीन, ते मांडीवरून नुसतं फिरवत होती. आर्मां उठून दाराच्या मुठीपर्यंत गेला.

"बसा," मादाम पेरो म्हणाल्या. या वेळी त्या चेष्टा करत नव्हत्या.

तो बसला. गुडघ्यांवर हात ठेवून नदीकडे तोंड करून बसला. जरा वेळाने मादाम पेरोंनीच काचेतून बघून सांगितलं, "थांबला. तिची बाही चाटतोय."

चौथ्या मंगळवारी ऊन होतं. गिलेनने पिल्लाला आर्मांच्या हातातून दारातच घेतलं आणि त्याला आत येऊ दिलं नाही. बाकावर दुसरं कोणी नव्हतं. आज कापायचं होतं. आज बिथरलं तर चार आठवडे पाण्यात जाणार होते, हे तिने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

काचेतून त्याला दिसलं, की तिने मशीन सुरू केलं. पिल्लाने दाराकडे बघितलं. तिने मशीनची पाठ मांडीला लावली, काढली, पुन्हा लावली. पिल्लाने पुन्हा दाराकडे बघितलं. मग तिने मशीन उलटं केलं आणि पातं कातडीवर टेकवलं. घोंगडी एका कडेने सुटू लागली आणि जुन्या हातमोज्यासारखी उलटी होत खाली आली. आत गुलाबी कातडी होती, कुठे जखम नव्हती. पिल्लू उभं होतं. मान खाली घालून स्वतःच्याच केसांचा ढीग हुंगत होतं.

पिल्लू तिसऱ्यांदा दाराकडे बघेल याची आर्मां वाट बघत राहिला. कंबर झाली, दुसरी मांडी झाली, शेपटीचं मूळ झालं. गिलेनने एकेक मागचा पाय उचलून बोटांमधले केस काढले. पिल्लाने जांभई दिली. पोटाच्या वेळी तिने त्याला कुशीवर निजवलं, आणि मशीन चालू असतानाच त्याने डोळे मिटले.

आर्मांने खिशातून फोन काढला आणि दिजोंला लावला.

"ओदिल, उभा राहिला."

"खरं? तू धरला होतास?"

"नाही."

"तू कुठे होतास?"

"बाहेर. बाकावर."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "म्हणजे तू नसताना?"

"मी नसतानाच," आर्मां म्हणाला. "आता झोपलाय."

"मग छानच की रे, पपा. आता मला काही म्हणायचं नाही. येईल माझ्याकडे, सुखाने राहील." मग तिला आपण काय बोललो ते उमगलं असावं. "म्हणजे, इतक्यात नाही. तू आहेस ना अजून वीस वर्षं."

"वीस नको. तेवढ्यात आ पुन्हा येईल."

ती हसली. त्यानेही हसल्यासारखं केलं आणि तिच्या पोरांची चौकशी केली. फोन ठेवल्यावर त्याने टोपी काढली, आतून पुसली, आणि पुन्हा घातली.

आत गिलेनने मशीन बंद केलं, हात झटकले आणि काचेशी येऊन टकटक केलं. मागे टेबलावर पिल्लू तसंच कुशीवर झोपलेलं होतं, पुढून ढगासारखं आणि मागून सोललेलं. तिने दाराकडे बोट केलं. या आत.

आर्मां उठला. दाराच्या मुठीला हात लावला. मग काचेतून तिच्याकडे बघत त्याने दुसरा हात वर केला, पंजा उघडून, हळूच, कोणाला उठवायचं नसताना करतात तसा, आणि परत बाकावर जाऊन बसला.