निर्माल्य, दोरा काढून

माझी बायको दानम्मा गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या हातात केळीची सालं होती. सकाळचे आठ वाजले होते. नांदेडहून जावई संगमेशचा फोन आला. "मामा, आधी बसा," तो म्हणाला. मी म्हणालो, थांबा, हातातलं टाकून येतो. आमच्या ओट्याखाली दोन डबे आहेत, एक हिरवा, एक निळा. चार वर्षांपासून तिथंच आहेत. पण त्या घडीला कोणता कशाचा ते मला आठवेना. संगमेश बोलत होता. पहाटे छातीत दुखलं, दवाखान्याच्या दारातच संपलं. फोन ठेवला आणि बघितलं तर सालं निळ्या डब्यात, रद्दी पेपरवर पडली होती. दानम्मा असती तर बोलली असती.

ती आमच्या लेकीकडं, अंबिकाकडं, आठ दिवसांसाठी गेली होती. जाताना फ्रिजवर कागद चिकटवला होता. "ओलं रोज हौदात. वर मूठभर पाला. निर्माल्य दोरा काढून. दुसऱ्या हौदाला हात लावू नका, मी आल्यावर चाळायचाय."

हौद म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला, मोकळ्या जागेत, विटांचे दोन हौद. हवा खेळावी म्हणून विटांत फटी सोडलेल्या. एकात गल्लीतल्या सव्वीस घरांचा ओला कचरा रोज पडायचा. तो भरला की झाकायचा आणि दुसरा सुरू करायचा. चार महिन्यांनी खत. हे सगळं दानम्मानं लावलेलं. लातूरच्या एवढ्या गल्ल्यांतून घंटागाडी फिरते, पण आमच्या गल्लीतून तिला फक्त सुका कचरा मिळायचा. मी कधी लक्ष घातलं नाही. माझं किराणा दुकान बरं आणि मी बरा.

दुपारनंतर तिला लातूरला आणलं. आम्हा लिंगायतांत बसवून पुरतात. हातात इष्टलिंग, कपाळाला विभूती, भोवती बेल आणि फुलं, मग माती. मीही ओंजळभर बेल टाकला.

आमच्यात सुतक नसतं, पूजा चालू असते. त्यामुळं तिसऱ्या दिवशी देवघरात बेलाचा आणि फुलांचा ढीग साठला. मी कागद वाचला, दोरे काढले आणि ताट घेऊन हौदाकडं गेलो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून ती कडेला काढली. बेल, फुलं हौदात सोडली आणि थोडा वेळ उभा राहिलो. पाला किती टाकायचा ते कळेना. मूठभर म्हणजे तिची मूठ का माझी, हा विचार करत होतो.

वळून बघितलं तर गल्लीतल्या चार बायका हात जोडून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हौदाच्या काठावर झेंडूचा हार होता. त्याच्या पुढच्या दिवशी पाच हार, एक नारळ आणि उदबत्त्या. लोक चपला लांब काढायला लागले. मी कोणाला काही बोललो नाही. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. तीन मैलांवरच्या स्मशानात जाण्यापेक्षा हे जवळ होतं. पुढं मलाही नीट कळेना, ती तिकडं आहे का इथं. दोन्हीकडं बेलच टाकला होता.

नवव्या दिवशी आमच्या भागातल्या सफाईचे मुकादम ग्यानोबा दुकानात आले.

"अप्पा, तुमच्या गल्लीचं काय बिघडलंय? खरकटं, सालं, सगळं परत गाडीत यायलंय. तेबी सुक्यात मिसळून."

"मिसळून कामून?"

"हौदात टाकत न्हाईत, मग कुठं टाकणार? पालिकेचे साहेब सोमवारी बघायला येणारेत. हौद बंद दिसला तर पाडून तिथं गट्टू बसवणार. गाड्या लावायला जागा लोक कधीपासून मागायलेत."

"दोन्ही हौद?"

"एक ठेवून काय करता?"

मी दुकान लेकीवर सोपवून हौदाकडं गेलो. हारांखाली हात घातला. दानम्मा म्हणायची, चालू हौद आतून कोमट लागतो. माझ्या हाताला थंड लागलं. कोरडी फुलं, दोरे, उदबत्तीच्या काड्या. आमच्या समोरच्या सरजाबाई दारातच तांदूळ निवडत होत्या.

"सरजाबाई, तुम्ही ओलं हौदात का टाकत न्हाई?"

"दानम्मा अक्काच्या जागेवर खरकटं टाकू व्हय? वरून बघतील त्या."

"तिची जागा स्मशानात हाय."

"मग तुम्ही अनवाणी जाऊन बेल वाहिला ते?"

"चपलेचा अंगठा तुटला होता."

सरजाबाईंनी सूप खाली ठेवलं. "आणि बेल?"

"निर्माल्य ओल्यात जातं. कागदावर लिहिलंय तिनं."

"हे आज सांगायलाव? माझ्या सुनेनं नवस बोललाय तिथं."

"कशाचा?"

"नळाला रोज पाणी येऊ दे म्हणून." त्या तोंडाला पदर लावून हसल्या, मग डोळे पुसले. "आता काय करता?"

हार काढले तर तिचा मान मीच काढल्यासारखं होत होतं. नाही काढले तर तिनं चार वर्षं केलेलं सगळं सोमवारी जाणार होतं. अंबिकाला विचारलं. ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही ठरवा," आणि रडायला लागली. मग तिलाच समजावत बसलो.

रविवारी सकाळी मी घरातला हिरवा डबा घेऊन गेलो. त्यात आदल्या दिवशीचा भात, वांग्याची देठं आणि चहाचा चोथा होता. बायका दारात उभ्या राहिल्या. मी डबा उचलला, पण उलटा करता येईना. खाली ताजा हार होता. डबा खाली ठेवला आणि हौदाजवळ बसलो. हार उचलून त्याचा दोरा काढायला लागलो. फुलं आत, दोरा बाहेर. एक हार प्लास्टिकच्या सुतळीत ओवलेला होता, त्याला पंधरा मिनिटं लागली. थोड्या वेळानं सरजाबाई समोर येऊन बसल्या आणि दुसरा हार घेतला.

"नारळाचं काय?" मी विचारलं.

"खोबरं पोरांना. करवंटी लवकर कुजत न्हाई. अक्का काढून टाकायच्या."

सगळे दोरे निघाल्यावर मी परत डबा घेऊन उभा राहिलो.

"टाका आता, अप्पा," सरजाबाई म्हणाल्या. "वास मारायलाय डबा."

मी टाकलं. भात फुलांवर पडला. मला वाईट वाटलं का बरं वाटलं, अजून सांगता येत नाही. वर पाला टाकला, माझ्या मुठीनं दोनदा.

मग सरजाबाईंनी पदराखालून एक डबा काढला. "हे साठलंय माझ्याकडं. अंड्याची टरफलं."

"अंड्याची? हौदात?"

"अक्का घ्यायच्या की. चुरून टाकायच्या."

"हातानं?"

"मग काय पायानं?"

आमच्या घरात अंडं कधी आलं नाही. माझी आई नाव ऐकलं तरी चूळ भरायची. दानम्माही तशाच घरातली. ती घरी येऊन हात धुवायची, ते कशासाठी ते मी कधी विचारलं नाही. डबा घेतला आणि टरफलं चुरली. मागून एकेक घरचा डबा येऊ लागला. नवसवाली सून सगळ्यात शेवटी आली, आणि टाकण्याआधी तिनं हौदाला नमस्कार केला. मी तिला अडवलं नाही.

सोमवारी साहेब आले. हौदात काठी घालून बघितली, आणि ती हाताला लावून म्हणाले, "थंड आहे." ग्यानोबा म्हणाले, "कालच सुरू झालाय, साहेब. घरात माणूस गेलंय." साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि पंधरा दिवस दिले. परत येऊन बघतो म्हणाले.

त्याला आज सहा दिवस झाले. हौद कोमट झालाय का ते मी रोज हात घालून बघतो. कधी वाटतं झालाय, कधी वाटतं उन्हामुळं. घरात निळ्या डब्यात अजून चुकून साल जाते.

ती परत येऊन चाळणार होती तो दुसरा हौद तसाच आहे. त्यातलं सगळं तिच्या हातचं आहे. चाळणी सापडली आहे, खत मापायची पायलीही धुऊन ठेवली आहे. चाळायचं राहिलंय.