आधी हे पान वाचा

मी मालनबाईचा नवा करार, बायबलातला येशूचा भाग, बोलतोय, आणि संतापून बोलतोय. शास्त्राने संतापू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी मला वाचलेलं दिसत नाही.

केडगावच्या रविवारच्या शाळेत वचनं न अडखळता म्हटली, म्हणून नऊ वर्षांच्या मालनला मी बक्षीस मिळालो. लग्न झाल्यावर तिच्याबरोबर पाथर्डीकडच्या या गावात आलो. इथे पाण्याची बोंब, म्हणून दिवाळी सरली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मालनबाईही जाते, आणि तिच्या पिठाच्या डब्यात मी.

माझ्या पानांना पाचटाचा वास आहे. पहाटे चुलीजवळ ती मला उघडते आणि ओळीवर बोट ठेवून वाचते. एकदा टोळीतल्या एका बाईशी तिचं कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी क्षमेचा धडा निघाला. बया वाटीभर कालवण घेऊन त्या बाईच्या खोपीवर गेली. तोंड वाकडंच होतं, पण गेली. मला वाचायचं ते असं!

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा एक नियम आहे. सलग सहा महिने जो उपासनेला आला नाही, त्याचं नाव कमी, आणि पंच परत घेईपर्यंत त्याला प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत उपासनेत वाटतात ती, भाकर नाही. नियम केला शहरात जाऊन मंडळीला विसरणाऱ्यांसाठी. लागला मात्र मालनबाईला. दर उन्हाळ्यात ही पंचांपुढे चोरासारखी उभी. ती कुठे होती हे काय पंचांना ठाऊक नसतं? सगळं ठाऊक असतं!

तोडीवरून ती परतली आणि तिसऱ्याच दिवशी, बुधवारी, सूर्यभान पंचांच्या घरी शास्त्राभ्यास होता. त्यांचा ग्रंथ केवढा! चेनचं कव्हर, सोनेरी कडा, पानं अजून एकमेकांना चिकटलेली. धडा होता पहिल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रातला. अंगठीवाल्याला पुढे बसवता आणि मळक्या कपड्यातल्याला उभं ठेवता, हा कसला विश्वास, असं विचारणारा. त्या काळच्या अंगठ्यांवर तासभर चर्चा झाली. मालनबाई चपलांपाशी बसली होती. सोफ्यावर दोन जागा रिकाम्या होत्या.

शेवटी तिने विचारलं, "पंच, या रविवारी प्रभुभोजन हाय. मी बसू का?"

"नियम हाय, मालनबाई. मिटिंग झाल्याव बघू."

"मिटिंग कवा?"

"पुढल्या महिन्यात."

ती उठली. त्याच धड्यावर उघडून तिने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "आधी हे पान वाचा, मंग मला न्हाई म्हना. पुस्तक ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. रविवारी मी येनार हाय."

खोलीत कुणी वर बघेना. "चष्मा कुठं गेला माझा," सूर्यभान पुटपुटले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

मग त्यांनी मला मिटलं आणि शोकेसमध्ये ठेवलं, चेनवाल्या ग्रंथाशेजारी. आज शनिवार. तीन दिवसांत काच सरकलेली नाही. तिकडे मालनबाई चार ओळी न वाचताच भाकरी थापत असेल. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

सूर्यभान, अजून वेळ आहे. मला पुसू नका, कपाळाला तर मुळीच लावू नका. नुसतं उघडा. उद्या भाकरीचं ताट तुमच्याच हातात असेल आणि समोर ती उभी असेल. पान ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय तिने तुम्हाला ठेवलेली नाही.