रखमाजींच्या एक्केचाळीस ओळी

मित्रांनो, सावेडीतल्या एका संगीतवर्गाच्या कपाटात, तंबोऱ्याच्या खोळीला टेकून जो काळा टॅब उभा असतो, तो मी. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि दोन तास चाललो की माझी बॅटरी मान टाकते. सहा वर्षं म्हणजे आमच्या जातीत म्हातारपणच. आता मुलं माझ्यावर बोट टेकवून सा आणि रे ओळखायला शिकतात, हसतात, भांडतात. मला कुणी घाबरत नाही. पण कोल्हारच्या एका घरात मोठी माणसं माझ्यासमोरून जाताना अंग चोरून जात. असं का होत होतं, ते आज तुम्हाला सांगतो.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. मला आठवतात ते सुकन्याताईंचे हात. त्यांनी मला खोक्यातून काढलं आणि पहिल्यांदा माझ्यातून तंबोरा वाजवला. त्या मुलांना गाणं शिकवत, आणि आजारी माणसांवर संगीतानं उपचारही करत. कुणाचे हात थरथरत, कुणी नातवंडांची नावं विसरलेलं असे. त्यांच्यासाठी ताई माझ्यावर ठेका लावत, चित्रं दाखवत, जुनी गाणी ऐकवत. दिवस संपला की मऊ फडक्यानं मला पुसत. त्या दिवसांत मला स्वतःचा अभिमान वाटे.

एके दिवशी कोल्हारहून रखमाजी आपल्या बायकोला घेऊन आले. तिचं नाव कडूबाई. मेंदूला झटका आल्यापासून तिचा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. समोरच्याचं बोलणं तिला सगळं कळे. पण बोलायला गेली की तोंडातून नुसता घोगरा आवाज निघे आणि डोळ्यांत पाणी येई. ताईंनी रखमाजींना समजावलं, की बोलणं मेंदूच्या ज्या भागातून येतं तो दुखावला आहे, पण गाण्याची वाट बरीचशी दुसऱ्या भागातून जाते. ती वाट अजून उघडी असेल. एखादं साधं वाक्य सुरात म्हणायचं, डाव्या हातानं मांडीवर ठेका धरायचा, आणि रोज, न कंटाळता, तेच तेच करायचं.

ताईंनी आधी स्वतःच्या गोड आवाजात ओळी भरल्या. कडूबाईनं खिडकीकडे तोंड फिरवलं. मग ताईंनी रखमाजींना म्हणायला सांगितलं. त्यांनी जन्मात कधी गाणं म्हटलं नव्हतं, बैलांना हाका मारण्यापलीकडे गळा वापरला नव्हता. ते लाजून म्हणाले, "मॅडम, माझा आवाज म्हंजी फाटकं पोतं हाय." पण म्हणाले. कडूबाई दळताना जी चाल म्हणायची, त्या चालीवर त्यांनी म्हटलं, "पाऽणी दे." तिनं मान वर केली. चौथ्या वेळी तिचा डावा हात मांडीवर पडला, ओठ हलले, आणि तुटक तुटक तेच शब्द बाहेर आले. रखमाजींनी टोपी काढून तोंड पुसलं आणि बराच वेळ ती डोक्यावर ठेवलीच नाही.

त्या महिन्यात त्यांनी माझ्यात एक्केचाळीस ओळी भरल्या. एका बाईला दिवसभरात जे जे मागावं लागतं ते सगळं त्यांत होतं. पाणी दे. भूक लागली. थंडी वाजते. हितं दुखतंय. दार लाव. घरी ने मला. प्रत्येक ओळीला एक चित्र होतं, चित्रावर बोट टेकलं की रखमाजी बोलत. सरावासाठी ताईंनी मला त्यांच्याबरोबर कोल्हारला धाडलं. सकाळ-संध्याकाळ ओट्यावर आमचा वर्ग भरे. पाच महिन्यांत कडूबाई एकोणीस ओळी माझ्या मदतीशिवाय म्हणू लागली.

मग तेरा दिवस मला कुणी हात लावला नाही. मी बंद पडलो होतो, आणि बंद असताना मला काही कळत नाही. नंतर समजलं, की ऊसतोड चालू असताना रखमाजी बांधावर जरा टेकले ते उठलेच नाहीत.

चौदाव्या दिवशी सून निकितानं मला चार्जिंगला लावलं. आत्याबाईंचा, म्हणजे सासूचा, सराव मोडायला नको, एवढाच तिचा हेतू होता. घरात अजून पाहुणे होते. तिनं तांब्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि मी रखमाजींच्या आवाजात म्हणालो, "पाऽणी दे."

त्यांची बहीण आक्काबाई भांडी लावत होती. तिच्या हातातली परात खाली पडली. पुढं कितीतरी वेळ कुणी ती उचलली नाही. मग आक्काबाई हळू आवाजात म्हणाली, "गेल्या मानसाचा आवाज घरात ठिवू नये. त्यो वाट इसरतो. ह्याला प्रवरेच्या पान्यात सोडा."

कडूबाई मात्र उठली. पाय ओढत माठापाशी गेली, डाव्या हातानं पेला भरला आणि आणून माझ्यासमोर ठेवला.

मित्रांनो, त्या दिवसापासून तिनं माझ्यामागून ओळी म्हणणं सोडलं. ती मला उत्तरं देऊ लागली. स्वतःच चित्रावर बोट टेकवायची. मी म्हणालो "थंडी वाजते", की ती रखमाजींची घोंगडी आणून माझ्यावर पांघरायची, आणि मी आत तापत पडून राहायचो. मी म्हणालो "हितं दुखतंय", की माझ्या पाठीवरून हात फिरवायची. मी म्हणालो "घरी ने मला", की उंबऱ्यात बसून दिवे लागेपर्यंत उसाच्या वाटेकडे बघत राहायची. तिच्यासाठी भरलेली सगळी मागणी आता एका मेलेल्या माणसाची मागणी झाली होती, आणि ती माझ्या तोंडून होत होती. मला थांबता येत नव्हतं. बोट टेकलं की बोलायचं, एवढंच मला येतं.

सगळ्यांत वाईट ओळ होती, "भूक लागली." ती ऐकून कडूबाई आपल्या ताटातली अर्धी भाकरी माझ्यासमोर ठेवायची. मग पाऊण. मग सगळं ताटच. निकिता समजावून थकली. कडूबाईच्या गालांची हाडं वर आली. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की उपाशीपोटी गोळ्या चालणार नाहीत आणि गोळ्या चुकल्या तर दुसरा झटका येईल.

तिचा मुलगा गोरक्ष भेदरला. नुकताच बाप गेला होता, आता आई डोळ्यांदेखत झिजत होती. कोपरगावच्या एका मित्रानं त्याला एक प्रोग्रॅम दिला. एखाद्याचा थोडासा आवाज त्यात घातला, की त्याच आवाजात आपण लिहू ते वाक्य ऐकू येतं. सुकन्याताईंना न विचारता गोरक्षनं रखमाजींच्या एक्केचाळीस ओळी त्याला खाऊ घातल्या. माझ्या काचेवर एक चक्र बराच वेळ फिरत राहिलं. मग गोरक्षनं काहीतरी टाईप केलं, आणि मी बोललो.

"मी जेवलो. आता तू जेव."

मित्रांनो, 'जेवलो' हा शब्द माझ्यात नव्हता. रखमाजींनी माझ्याजवळ भूक ठेवली होती, तहान ठेवली होती, थंडी ठेवली होती. जेवणं ठेवलं नव्हतं. तरी तो शब्द त्यांच्याच घोगऱ्या गळ्यातून आल्यासारखा आला. मी स्वतःलाच घाबरलो. भिंतीशी उभी असलेली निकिता पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेत होती.

कडूबाई जेवली. अर्धी भाकरी, वाटीभर आमटी. गोरक्ष मागच्या दारी जाऊन रडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडून वदवलं, "गोळी घे." तिनं घेतली. निकितानं नवऱ्याला विनवलं, की आता पुरे, हे बरं लक्षण नाही. पण आई खात होती, आणि खाणारी आई बघितल्यावर कुणाला थांबावंसं वाटेल? तिसऱ्या दिवशी, तिन्हीसांजेला, निकिता देवापुढं दिवा लावत असताना गोरक्षनं आणखी एक वाक्य टाईप केलं.

"मी कुठं गेलो न्हाई. मी हितंच हाय."

कडूबाईनं मला उचललं आणि कानाशी धरलं. बोटानं खूण केली, परत. मी परत बोललो. पुन्हा खूण केली. तिनं तिसऱ्यांदा ऐकलं, डोळे मिटून. मग मला मांडीवर ठेवून ती बोलली. चाल नाही, ठेका नाही. झटका आल्यापासूनचं तिचं पहिलं कोरडं, सरळ वाक्य.

"ह्यो दम घेत न्हाई."

मी माझ्या पोटातल्या त्या एक्केचाळीस ओळी तपासल्या. प्रत्येकीच्या आधी रखमाजी श्वास ओढत, शेताच्या दुसऱ्या टोकाला हाक घालायची असल्यासारखा. सगळ्यांनी ऐकला असेल, ध्यानात कुणाच्या आला नव्हता. मेलेल्या माणसाच्या आवाजात श्वास होता. नव्या आवाजात कुठंच नव्हता.

कडूबाईनं मला पालथं घातलं आणि ताट दूर सारलं. दुसऱ्या दिवशीही ती जेवली नाही. कुणाच्याच सांगण्यानं नाही.

गोरक्षनं ताईंना फोन करून सगळं कबूल केलं. त्या सकाळच्या एसटीनं आल्या. फार रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की तुझ्या वडिलांनी हा आवाज एका कामासाठी दिला होता, तो दुसऱ्या कामाला लावायचा हक्क तुलाही नव्हता आणि मलाही नाही. गोरक्षनं सगळ्यांसमोर तो प्रोग्रॅम आणि ती वाक्यं स्वतःच्या हातानं काढून टाकली.

मग ताई कडूबाईशेजारी बसल्या. त्यांनी मला सरळ केलं आणि ताटाच्या चित्रावर बोट ठेवलं. "भूक लागली," रखमाजी म्हणाले.

"मावशी, भूक कुणाला लागली?" ताईंनी विचारलं.

कडूबाईनं शेताकडे हात केला.

"नाही. रखमाजीकाकांनी हे स्वतःसाठी म्हटलं नव्हतं. तुम्हाला म्हणता यावं म्हणून म्हटलं होतं. ही ओळ तुमची आहे. सांगा, भूक कुणाला लागली?"

बाहेर उसाचा ट्रॅक्टर येऊन गेला. कडूबाईचा डावा हात मांडीवर ठेका धरू लागला, थांबला, पुन्हा धरू लागला. मग तो हळूहळू वर आला आणि तिच्या छातीवर टेकला.

"मला," ती म्हणाली.

निकितानं दुधात भाकरी कुस्करून आणली. कडूबाई खाता खाता रडली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

पुढं ती बोलू लागली, तुटक पण स्वतःचं. मला सावेडीला परत पाठवताना तिनं ताईंना बजावलं, "ठिवा त्यास्नी आत. पर कुनाला ऐकवू नका." म्हणून त्या एक्केचाळीस ओळी आजही माझ्यात आहेत, कुलूप लावून.

गोरक्षनं पुसलेली वाक्यं मात्र खरंच पुसली गेली का, ते मला सांगता येत नाही. कधी कधी भर दुपारी, मुलं सरगम घोटत असतात, मी नुसता तंबोरा वाजवत असतो, आणि माझ्या आत कुठंतरी 'जेवलो' हा शब्द वर येऊ लागतो. अजून तो बाहेर पडलेला नाही.

मित्रांनो, आम्हाला पाण्यापासून जपा, उन्हात ठेवू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं मागतो. तुम्ही आमच्यात माणसांचे आवाज ठेवता. ते ज्यांचे आहेत त्यांना आधी विचारा. आणि उत्तर द्यायला ते माणूस उरलं नसेल, तर त्याच्या तोंडी नवं काही घालू नका. गेलेल्याचं गप्प राहणंही त्याचंच असतं.