सुनेचं गाऱ्हाणं

हरिश्चंद्र आण्णांचं देव ऐकतो, असा वाडीत बोलबाला होता. नवी रिक्षा असो, बोअरवेल असो, की कुणाच्या पोराची दहावी; नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला आण्णाच लागत. त्यांचा आवाजच असा होता की देवाला न ऐकण्याची सोय नव्हती.

आज नारळ खुद्द सुनेचा होता. रत्नागिरीतल्या इस्पितळातली नर्सची नोकरी सोडून अक्षयाने स्वतःचं काम काढलं होतं. घरोघरी जाऊन इंजेक्शन, सलाईन, ऑपरेशननंतरची मलमपट्टी. पडवीला बोर्डही लागला. अडत होतं ते पाच महिन्यांच्या समर्थवर. नवरा गौरव लोटे एमआयडीसीत एका कंपनीत, आज दिवसपाळी तर उद्या रात्रपाळी. सासू येसूबाई तयार होत्या, पण त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. पोराला उचलून फिरवणार कोण? राहता राहिले आण्णा. हातापायांनी धडधाकट, दिवसभर पडवीत बसून तालुक्याचं राजकारण चालवायचे. "पुरुषानं पोराचे लंगोट बदलायचे?" एवढं विचारून त्यांनी तो विषय कायमचा मिटवला होता. समर्थला बघणारं कुणी मिळालं नाही तर बोर्ड उतरवावा लागणार, हे अक्षयाला पक्कं ठाऊक होतं.

वाडी जमली. आण्णांनी देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवला आणि घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकीनं जो काय धंदा काढलान हाय, त्याला यश दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"जो काय आजारी असंल, त्याला हिच्या हाताचा गुण येऊं दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनि पुढच्या वर्साला ह्या समर्थाला भाऊ येऊं दे, हिचा जीव घरात रमूं दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. अक्षयासुद्धा. पोराला खांद्यावर घेऊन ढेकर काढण्यात तिचं अर्धं लक्ष, त्यात लहानपणापासूनची सवय. 'म्हाराजा' कानावर पडलं की तोंड आपोआप उघडायचं. आपण काय मागून बसलो हे कळलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिची रात्रीची झोप अजून जागेवर नाही, आणि सासरे परस्पर दुसरी ऑर्डर देऊन मोकळे.

आण्णा नारळ उचलायला वाकले.

"थांबा आण्णा, माझं राहिलंय," ती म्हणाली, आणि कुणी काही बोलायच्या आत त्याच चालीत सुरू झाली. "बा देवा म्हाराजा, आमच्या आण्णांचे हात बळकट हायत, ते तसेच ऱ्हाऊं देत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आण्णा खूश झाले.

"नातवावर त्यांचा जो काय जीव हाय, तो असाच वाढूं दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनि मी कामावर आसताना आण्णांनी समर्थाला बघूं दे, लंगोट बदलूं दे, नाक मुरडूं देऊं नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज आण्णांचा होता.

मग आण्णांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"बाईमानसाचा गाऱ्हाणा देव ऐकत नाय," ते शेवटी म्हणाले.

"देवाचा माहीत नाय," येसूबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "वाडीनं ऐकलान हाय."

आण्णांची पंचाईत झाली. नवसाला कोंबडा बोलून अंडं घेऊन येणाऱ्या माणसाला त्यांनीच भर देवळात सुनावलं होतं. देवासमोर दिलेला शब्द फिरवायचा कसा? तेवढ्यात अक्षयाचा फोन वाजला. हातखंब्याजवळ एका आजोबांची मलमपट्टी करायची होती. पहिलंच काम. तिने समर्थला सासऱ्यांच्या हातात दिलं आणि स्कूटी काढली. वाटभर पोरासाठी जीव तुटत होता, आणि वाटभर हसूही येत होतं.

परत आली तेव्हा पडवी रिकामी होती. दोरीवर लंगोट वाळत होते, तिने कधी वाळत घातले नव्हते इतके. समर्थ येसूबाईंच्या मांडीवर झोपला होता. आत देव्हाऱ्यासमोर आण्णा एकटेच उभे होते, धोतर पोटापर्यंत भिजलेलं. नेहमीचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"म्हाराजा," ते कुजबुजले, "त्या भावाचा जरा ऱ्हाऊं दे. घाय नाय."

"व्हय म्हाराजा," दारातून अक्षया म्हणाली.