शंभर पाण्यांचं तूप

फिरदोसने परात तिरकी केली, तळहाताने तूप अडवून धरलं आणि चौसष्टावं पाणी बादलीत सोडलं. मग शेजारच्या वाटीतला एक हरभरा उचलून दुसऱ्या वाटीत टाकला. एका वाटीतले शंभर हरभरे दुसऱ्या वाटीत गेले की तूप झालं. मधे फोन येवो, दार वाजो, हरभरे चुकत नाहीत, असं तिचं म्हणणं.

स्वयंपाकघराच्या फरशीवर पाट टाकून ती मांडी घालून बसली होती, ओढणी कमरेला खोचून. तांब्याच्या परातीत तिचा तळहात गोल गोल फिरत होता, घाई नाही आणि थांबणंही नाही. सकाळी पिवळं असलेलं तूप आता सायीसारखं पांढरं आणि फुगलेलं दिसत होतं. शर्वाणी ओट्याशी उभी राहून डब्यांवर लेबलं चिकटवत होती. लेबलावर सोनेरी अक्षरांत 'शर्वाणीज् शतधौत', खाली बारीक अक्षरांत 'मेड बाय हँड'. हात कुणाचा, ते काही लेबलावर लिहीत नाहीत.

"बाय ममा, बाय फिरदोस आंटी. सेव्ह सम फॉर माय नीज," असं ओरडत सिद्धांत पोहण्याची पिशवी घेऊन बाहेर पळाला. त्याच्या मागून देवदत्त गाडीची किल्ली शोधत गेला. शनिवारची सकाळ होती. देवदत्तला आठवड्यातले पाच दिवस शारजातून दुबईच्या सिलिकॉन ओएसिसला जाता-येता ट्रॅफिकमध्येच काढावे लागत, त्यामुळे शनिवारी पोराला पोहायला नेणं म्हणजे त्याचा आराम.

हे तूप सुरू झालं दीड वर्षापूर्वी. दिवसरात्र एसीत राहून शर्वाणीच्या पायांच्या टाचा फुटल्या, हातांवरून नख फिरवलं तर पांढरी रेघ उठायची. दुकानातल्या क्रीमांनी आग व्हायची. तिने फोनवर वाचून शंभर वेळा धुतलेल्या तुपाचा घाट घातला आणि बाराव्या पाण्यालाच स्वयंपाकघरभर शिंतोडे उडवून बसली. साखर मागायला आलेली समोरच्या फ्लॅटमधली फिरदोस दारात उभी राहून हसली होती. ती दापोलीकडची, केमिस्ट्रीची पदवीधर, लग्नानंतर इकडे आलेली. "तू तुपाशी भांडतेयस गो," म्हणाली, "त्याला नुसतं चुचकारायचं असतं." आणि मांडी घालून बसली. त्यानंतर परातीसमोर शर्वाणी कधी बसली नाही. डब्या आणणं, फोटो काढणं, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकणं, ऑर्डरी घेणं ही तिची कामं. पैसे दोघी निम्मे निम्मे घेत, त्याबद्दल कधी अवाक्षर निघालं नाही. नाव मात्र एकटीचं झालं होतं. मंडळात बायका शर्वाणीचा हात हातात घेऊन "काय गं तुझा हात!" म्हणायच्या, आणि ती हसून हात मागे घ्यायची. आधी आधी ती फिरदोसचं नाव सांगायची. मग सांगायचं राहून जायला लागलं.

"आज अबू धाबीच्या, खलिफा सिटीतल्या काकू यायच्यात," शर्वाणी म्हणाली. "नातसुनेच्या डोहाळजेवणाला वीस डब्या वाटायच्यात म्हणे. अकराला येतील."

"अकरापर्यंत अजून पंधरा पाणी होतील," फिरदोस म्हणाली आणि निळ्या जगमधलं थंड पाणी परातीत ओतलं.

पण शनिवारी अबू धाबीहून यायला किती वेळ लागतो? काकू दहालाच दारात.

प्रमोदिनीकाकू पंचाहत्तरीच्या. नवऱ्याचा कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा आता मुलाकडे. तीस वर्षं इथे राहूनही नेसणं नऊवारीचंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात तुळशीची माळ. बरोबर सून अनुराधा, हातात मिठाईचा डबा. शर्वाणीने दोघींना हॉलमध्ये बसवलं आणि पाणी दिलं. स्वयंपाकघराचं दार तिने ओढून घेतलं, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

काकूंनी नमुन्याची डबी उघडली, बोटावर तूप घेतलं, मनगटावर चोळलं, हुंगलं.

"वास नाही हो अजिबात. छान धुतलंय." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "घरीच करतेस ना गं? स्वतः?"

प्रश्न एवढाच होता. 'हो, घरीच, मी आणि माझी मैत्रीण' असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण शर्वाणीची नजर त्या कुंकवावर होती, माळेवर होती, आणि जीभ आपल्याच घाईने पुढे निघाली.

"हो काकू, मीच करते. सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून मगच हात घालते. अगदी सोवळ्यातलं म्हणा ना. बाहेरच्या कुणाचा हात लागू देत नाही."

स्वयंपाकघरातून परातीवर हात फिरल्याचा बारीक आवाज मघापासून येत होता. तो थांबला.

शर्वाणीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. दार लोटलेलं असलं तरी ते काही भिंत नव्हतं. शेवटचं वाक्य तरी कशाला बोललो आपण, ते कुणी विचारलंही नव्हतं, असं तिला वाटलं. पण बोललेलं मागे घ्यायचं तर दोघींसमोर खोटं पडावं लागणार होतं. तिने अनुराधाच्या मिठाईचं कौतुक सुरू केलं.

"बघू तरी कशी करतेस," म्हणत काकू उठल्याच. गुडघ्यांवर हात टेकत त्या थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या आणि दार ढकललं.

फिरदोस मनगटापर्यंत पांढऱ्या हातांनी बसलेली. तिने वर पाहिलं, आधी काकूंकडे, मग त्यांच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या शर्वाणीकडे.

"तू कोण गं?" काकूंनी विचारलं.

हा दुसरा प्रश्नही सोपा होता. "फिरदोस," शर्वाणी म्हणाली, आणि इथे थांबायला हवं होतं. "मदतीला येते माझ्याकडे."

फिरदोसच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तिने परातीच्या काठावर हात निरपला आणि पाटावरून बाजूला सरकली.

"हो. ताई आत्ताच दार उघडायला उठल्या," ती म्हणाली. "सुकू नये म्हणून मी नुसती हात लावून बसले होते."

शर्वाणीला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. फिरदोसने तिची लाज झाकली होती, आणि झाकताना दीड वर्षाची मैत्री मोलकरणीच्या जागी नेऊन ठेवली होती. ती जागा दाखवली कुणी, तर शर्वाणीने.

"मग बस की," काकू स्टुलावर टेकत म्हणाल्या. "चालू दे तुझं. मला बघायचंय. माझी आई करायची, त्याला झाली आता साठ वर्षं."

शर्वाणी बसली. पाट अजून कोमट होता. परातीत हात घातला तर तूप बोटांतून निसटायला लागलं. तिने जोर लावला, तसे दोन शिंतोडे काकूंच्या साडीच्या दिशेने उडाले आणि काकूंनी पाय मागे घेतला. पाणी बदलायला हवं म्हणून तिने होतं ते बादलीत सोडलं, त्याबरोबर तुपाचा एक गोळाही गेला. निळा जग रिकामा होता. पाणी कुठून घेते फिरदोस? कधी पाहिलंच नव्हतं. तीन माणसं बघताहेत एवढंच डोक्यात होतं. ती उठली, बेसिनचा थंड पाण्याचा नळ सोडला, जग भरला आणि परातीत ओतला.

"अगं..." फिरदोसच्या तोंडून निघालं आणि तिने ओठ मिटले.

जुलै महिना होता. जुलैत शारजात थंडच्या नळाला काय येतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गच्चीवरच्या टाकीत उकळत असलेलं पाणी ते. म्हणून तर उन्हाळ्यात गीझर बंद ठेवून लोक त्यात गार झालेल्या पाण्याने आंघोळ करतात. शर्वाणीही करायची. फिरदोस रोज बाटल्या भरून आपल्या फ्रीजमधून आणायची, हे परातीमागच्या दव धरलेल्या बाटल्या पाहून तिला आज कळलं.

परातीतली पांढरी साय कडेने विरघळायला लागली. आधी काठाशी एक पिवळी रेघ आली, मग डाग, आणि बघता बघता सगळ्या पाण्यावर तुपाचा तवंग पसरला. सकाळी सातपासूनचं काम होतं ते. शर्वाणी दोन्ही हातांनी ते गोळा करत राहिली आणि ते बोटांमधून वाहत राहिलं.

अनुराधा खिडकीबाहेर बघायला लागली. तिचा तो शहाणपणा सगळ्यात जास्त टोचला.

"कितवं पाणी होतं हे?" काकूंनी विचारलं.

शर्वाणीने हरभऱ्यांच्या वाट्यांकडे पाहिलं. कुठली भरायची आणि कुठली रिकामी करायची, तेही तिला आठवेना.

काकूंनी वाकून फिरदोसचा हात उलटा करून पाहिला. बोटांची टोकं पाण्याने सुरकुतून पांढरी पडली होती. शर्वाणीची मघाशी भिजलेली बोटं अजून गुळगुळीत होती.

"हिचा हात आहे हा," काकू म्हणाल्या.

"फिरदोसच करते," शर्वाणी म्हणाली. "पहिल्यापासून. ती कामाला नाही येत. शेजारीण आहे माझी." हे खरं होतं, पण आता ते सांगून कुणाचं काय राहिलं होतं? सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्यावरच तिला ते सुचलं होतं.

"मग तसं सांगायचं. मी विचारलं ते एवढ्यासाठी, की हल्ली मेल्या मिक्सरमध्ये फिरवतात आणि हातचं म्हणून खपवतात. आमच्या नातसुनेला, मुग्धाला, मागे तसल्या तुपाने पुरळ उठलं. मला मशीनचं नको होतं, एवढंच." काकू उठल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "कुणाचा हात लागतो, हे मी विचारलं होतं का तुला?"

"नाही," शर्वाणी म्हणाली.

"मग ते तुझ्याच मनातलं."

त्या इतक्या सहज म्हणाल्या की उत्तराची अपेक्षा नव्हती. फिरदोसकडे वळून त्या म्हणाल्या, "वीस डब्या लागतील बाई, पंचवीस तारखेला. जमेल?"

"बघते काकू," फिरदोस म्हणाली.

त्या दोघी गेल्यावर लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला. फिरदोस बेसिनशी हात धूत होती. साबण लावून, नखांच्या कडेकडेने, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"फिरदोस, ऐक ना."

"भात लावायचाय. अर्श जेवायला येईल." अर्श म्हणजे तिचा नवरा. तिने ओढणी सोडून डोक्यावर घेतली. रोज काम झालं की दोघी अर्धा अर्धा कप चहा घ्यायच्या. चहाचं भांडं गॅसवर तयार होतं. फिरदोस त्याच्याकडे नजरही न टाकता बाहेर गेली.

शर्वाणी फरशीवर बसून राहिली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही येईना. फिरदोसला आत बसवून, तिच्याच पाठीमागे आपण 'बाहेरच्या कुणाचा हात' म्हणालो. काकूंनी नव्हतं म्हटलं, मंडळातल्या कुणी नव्हतं म्हटलं. ती वाक्यं कुणी शिकवली नव्हती, आयती तोंडात होती. तिने परात उचलून तूप-पाणी एका पातेल्यात ओतलं, फरशी पुसली, चिकटवलेली लेबलं एकेक करून काढायला लागली. काही निघाली, काही फाटून अर्धी डबीवरच राहिली.

फोन वाजला. अनुराधाचा मेसेज होता: 'आई म्हणताहेत, डबीबरोबर छोटी चिठ्ठी छापायची आहे. करणारीचं पूर्ण नाव पाठव. आज प्रेसला द्यायचंय.'

शर्वाणीला वाटलं, एवढं तरी आपल्याला करता येईल. तिने लगेच टाइप केलं: 'फिरदोस'. आणि बोट थांबलं.

फिरदोस, पुढे काय? फोनमध्ये तिचा नंबर 'फिरदोस समोरची' म्हणून होता. पैसे तर हातात दिले जायचे. दीड वर्षात तिची बाळंतपणं, तिची दापोली, तिच्या सासूचं दुखणं, सगळं ऐकून झालं होतं. कुठल्या दुखण्याला ती काय खाते, तेही माहीत होतं. नवऱ्याचं नाव अर्श. पण आडनाव? तिने आठवून पाहिलं, मेसेज मागे सरकवून पाहिले. विचारल्याचं आठवेना. आपलं आडनाव मात्र फिरदोसला ठाऊक होतं, कुरियरवाला आला की तीच सही करून पार्सल घ्यायची.

शर्वाणी उठली, हात पदराला पुसले, दार उघडलं आणि मधली सात पावलं चालून समोरची बेल वाजवली.

फिरदोसने दार उघडलं. आत कुकरची शिटी होत होती. ती बाजूला झाली नाही.

"माझं चुकलं," शर्वाणी म्हणाली. "दोनदा चुकलं."

"हो," फिरदोस म्हणाली.

"काकूंना चिठ्ठीवर तुझं नाव छापायचंय. पूर्ण नाव." मग तिने विचारलंच, "तुझं आडनाव काय गं?"

फिरदोस क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, एखादी गोष्ट शेवटी कळावी तसं. मग तिने हात वर केला आणि दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं.

तिथे बेलच्या वर, डोळ्यांच्या उंचीला, पितळी पाटी होती. वर अरबी, खाली इंग्रजी अक्षरं, कडेला स्वच्छ मराठीतही. कोपऱ्यांतले स्क्रू जुने झाले होते. या बेलवर शर्वाणीने दीड वर्षात किती वेळा बोट ठेवलं होतं.

"परकार," तिने वाचलं.

"छापताना र पुरता येऊ दे, पर्कार नको," फिरदोस म्हणाली आणि कुकर बंद करायला आत गेली. दार तिने लावलं नाही, आणि आत ये असंही म्हणाली नाही.